लाईट गेल्यावरचा स्क्रीन

"किती इंच?"

हा प्रश्न ऐकला की अजूनही माझं डोकं सणकतं. सव्वीस वर्षं बेळगावच्या शहापुरात मी कॉम्प्युटर विकले आणि दुरुस्त केले. गेल्या वर्षी शटर ओढलं. आता त्या जागेत मोमोज मिळतात आणि मोमोजवाल्याला कुणी इंच विचारत नाही, त्याचा मला हेवा वाटतो.

माझ्या दुकानात मात्र पायरी चढता चढताच सुरुवात व्हायची. त्यातही आधीचा प्रश्न वेगळा असायचा. "मालक कुठं गेल्यात ओ?" मी म्हणायचे, "मालक तुमच्यासमोर उभ्या आहेत." तरी माणूस थोडा वेळ आतल्या खोलीच्या दाराकडे बघत राहायचा. तिथून कुणीतरी मिशीवाला निघेल अशी त्याला आशा असायची. कुणी निघत नाही म्हटल्यावर तो नाइलाजानं माझ्याकडे वळायचा आणि विचारायचा, "बरं. स्क्रीन किती इंचाचा हाय?"

शेवटची दहाएक वर्षं माझा जास्त धंदा छोट्या कॉम्प्युटरांचा होता. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. पूर्वी टेबलाखाली जो पत्र्याचा पेटारा असायचा, त्याचं सगळं काम आता जेवणाच्या डब्याएवढी एक चौकोनी डबी करते. आवाज नाही, जागा नाही, आणि वीज इतकी कमी खाते की जुन्या पिवळ्या बल्बला लाज वाटावी. मॉनिटरच्या पाठीला चार भोकं असतात, तिथं पट्टी लावून ही डबी मागच्या मागं अडकवता येते. समोरून फक्त स्क्रीन दिसतो.

संकेश्वरच्या एका खतदुकानदाराला मी असा जोडून पाठवला होता. दुसऱ्या दिवशी फोन. "आक्का, नुसता टीव्ही धाडलासा. कॉम्प्युटर कुठाय?"

"पाठीमागं बघा."

"पाठीमागं भिंत हाय."

मी बस पकडून संकेश्वरला गेले, मॉनिटर फिरवला आणि डबी दाखवली. तो म्हणाला, "मग हे आधी सांगायचं न्हाय?" तीनदा सांगितलं होतं. पण सांगणारी बाई असली की ऐकणाऱ्याचे कान नंतर उघडतात, हा माझा अनुभव आहे.

उचगावच्या एका सोसायटीच्या चेअरमनसाहेबांनी तर लहान मॉनिटर परत आणला. कारण काय? उद्घाटनाच्या फोटोत हारामागं तो दिसलाच नाही. मी म्हटलं, "साहेब, हार लहान घाला." ते रागावून गेले. मी परत घेतला नाही तो नाहीच.

आता या छोट्या डबीला मॉनिटर कोणता घ्यावा, हे मी थोडक्यात सांगून टाकते, म्हणजे पुढचं कळेल. डबी खाते दहा-पंधरा वॅट. तिच्यापुढं तुम्ही शंभर वॅटचा राक्षस टांगलात तर काटकसर गेली कुठं? इन्व्हर्टरच्या बॅटरीला ते सगळं एकच. म्हणून मॉनिटर उलटा करायचा, मागच्या चिकटपट्टीवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचायचे, गुणाकार करायचा. तो आकडा जितका लहान तितकी लाईट गेल्यावर तुमची मुदत मोठी. अडॅप्टर बाहेर असलेला बरा, जळला तर तेवढाच बदलता येतो. खिडकीजवळ ठेवणार असाल तर काच चकाकणारी नको, नाहीतर कामाऐवजी स्वतःचं तोंड बघत बसाल. आणि बारीक काम असेल तर मॉनिटरला जितके ठिपके, म्हणजे रिझोल्युशन, मुळात दिलेत तितकेच कॉम्प्युटरमध्ये लावायचे. भलतंच काही लावलं की चौकोन लांबट होतात, रेघा पुसट होतात.

पण हे सगळं नंतर. आधी विचारायचं ते एवढंच की समोर बसणार कोण, आणि कधी. हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारायचे. एकाला विचारलं नाही. ती चूक मला अजून सलते.

त्याचं नाव सदा. वडगावचा विणकर. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये चार यंत्रमाग, त्यातल्या दोहोंवर इलेक्ट्रॉनिक जकार्ड बसवलेलं. जकार्ड म्हणजे साडीच्या पदरावर, काठावर नक्षी उमटवणारं यंत्र. पूर्वी त्याला भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पत्त्यांची माळ लागायची. आता नक्षी कॉम्प्युटरवर काढतात, पेनड्राइव्हमधून मागाला देतात. ग्राफच्या वहीसारखे हजारो चौकोन स्क्रीनवर असतात, एकेक चौकोन म्हणजे एकेक धागा वर की खाली. एक चौकोन चुकला तर साडीभर ती चूक दिसत राहते.

सदानं डबी माझ्याकडूनच नेली होती आणि तिला घरातला कुठलातरी जुनाट जड मॉनिटर जोडला होता. तो मेला. दसऱ्याच्या आधीच्या आठवड्यात, दुकानात पाय ठेवायला जागा नसताना तो आला.

"आक्का, मॉनिटर पायजे. मोठ्ठा."

"किती मोठा? पंधरा-सोळा इंचाचा घे. बारा व्होल्टवर चालतो, वीज खात नाही."

"एवढासा?" त्यानं दोन्ही हातांनी माप दाखवलं, ताटाएवढं. "पावणे काय म्हणतील? त्रेचाळीसचा टीव्हीच द्या. कॉम्प्युटरला लागतोय की त्यो बी. नक्षी कशी मोठी दिसंल!"

मी दोनदा समजावलं. वॅट सांगितले, इन्व्हर्टर सांगितला. तो ऐकेना. मागं सहा माणसं उभी होती, त्यातला एक तर "मालक न्हाईत का?" विचारत होता. माझी जीभ दमली. म्हटलं, "घे बाबा, काय हवं ते." आणि टीव्ही मागवून दिला. समोर कोण बसणार, कधी बसणार, हे मी विचारलंच नाही. मी गृहीत धरलं की सदाला कॉम्प्युटर लागतो म्हणजे सदाच बसत असणार. दुकानात माझ्याशी लोक जसे वागायचे, तशीच मी त्या घराशी वागले.

दसरा झाला, आणि त्यानंतर आठवड्याभरानं एका सकाळी सदाची बायको आली. सुमन. पस्तिशीची असेल. पदराला कापसाची पुंगळी चिकटलेली, बोटांच्या पेरांवर सुताच्या बारीक काचण्या. माझंही माहेर विणकराचं, त्यामुळं ती बोटं मी लगेच ओळखली. ती दारातच उभी राहिली.

"आक्का, एक इचारू? टीव्हीवर काठ दिसंना झालाय."

"काठ?"

"साडीचा काठ ओ. ग्राफच्या कडंची घरं कापून जायलेत. वरनं बी, बाजूनं बी. मला अंदाजानं काढाय लागतंय."

मला लगेच उमगलं. टीव्ही सिनेमा दाखवायला बनवलेला असतो. चित्र थोडं फुगवून कडा कापून टाकायची त्याला खोड असते, आणि सिनेमात ते कळत नाही. पण काठाच्या साडीचा काठच कापला तर राहिलं काय! सेटिंगमध्ये जाऊन ते बंद करता येतं. पण माझं लक्ष भलत्याच शब्दावर अडकलं होतं.

"तुला काढायला लागतं? नक्षी तू काढतेस?"

"मग कोण?" ती हसली. "ह्यास्नी माऊस धराय येत न्हाय. दोन वर्सं झाली, मीच काढते."

दुकान शेजारच्या झेरॉक्सवाल्याच्या भरवशावर टाकून मी तिच्याबरोबर वडगावला गेले. बाहेरच्या खोलीत, दारातून शिरल्या शिरल्या दिसेल असा, भिंतीवर छताच्या जवळ तो टीव्ही. खंडेनवमीला घरातल्या सगळ्या हत्यारांबरोबर त्याचीही पूजा झाली होती. मागांना, कात्रीला, इन्व्हर्टरला हळदकुंकू लागलं होतं, आणि टीव्हीला मधोमध काचेवरच ओल्या कुंकवाचं ठसठशीत बोट. ते वाळून चिकटलं होतं. खाली खुर्चीत सदाचे वडील मालिका बघत बसलेले. त्यातल्या नायिकेच्या गालावर तो लाल ठिपका नाचत होता.

मागच्या शेडमध्ये चारी माग धडाडत होते. सदा दोन मागांवर, सुमन जाताक्षणी दुसऱ्या दोन मागांवर उभी राहिली. धाग्याची तार तुटली, जोडली. सुताची कांडी संपली, बदलली. तिकडे तुटली, धावली. मी पाच मिनिटं बघितलं आणि ओरडून म्हटलं, "बस की गं आता, ते काठाचं दाखव मला."

तिनं मान हलवली. "आत्ता न्हाय, आक्का. लाईट गेल्यावर!"

मी हसले. म्हटलं, पोरगी थट्टा करते. लाईट गेल्यावर कॉम्प्युटर कोण लावतं?

ती थट्टा करत नव्हती. लाईट असली की माग चालतात, आणि माग चालू असताना तिला हलता येत नाही. सकाळी सहापासून स्वयंपाक आणि माग, माग आणि धुणं. लाईट गेली की माग आपोआप थांबतात. तेवढाच तिचा वेळ. सगळं वडगाव लाईट गेली की शिव्या घालत ओट्यावर येऊन बसतं, आणि ही एकटी हात धुऊन इन्व्हर्टरवर नक्षी काढायला बसते. गेली दोन वर्षं त्या मागांवर उमटलेली प्रत्येक नक्षी लाईट गेलेल्या तासांत काढलेली होती.

मी विणकराची मुलगी. तरी हे मला दुसऱ्या कुणी सांगावं लागलं, याचीच मला लाज वाटली. माझ्या आईला मी कधी वेळेवर जेवताना पाहिलं नाही. माग थांबला की ती जेवायची.

साडेअकराला लाईट गेली. शेड एकदम गप्प झाली. सुमननं हात पुसले, बाहेरच्या खोलीत आली, सासऱ्यांना म्हणाली, "मामा, जरा घेऊ काय?" त्यांनी नाराजीनं रिमोट दिला. ती जमिनीवर पाट घेऊन बसली, माऊस मांडीवरच्या पुठ्ठ्यावर, आणि मान पार मागं टाकून छताजवळच्या त्या चौकोनांकडे बघू लागली. दारातून येणारा-जाणारा डोकावत होता. एक शेजारी तर आत येऊन टेकला आणि "मॅच लावा की" म्हणाला. इन्व्हर्टरवर पंखा, ट्यूब आणि तो टीव्ही. पंचवीस मिनिटांत इन्व्हर्टर ओरडायला लागला. तिनं घाईघाईनं काम सेव्ह केलं आणि तेवढ्यात सगळं काळं झालं.

"रोज एवढंच हुतंय बगा," ती म्हणाली. जुन्या मॉनिटरवर निदान तासभर मिळायचा. दसऱ्यापासून तिची एकही नक्षी पुरी झाली नव्हती.

आणि नक्षी पुरी होणं फार गरजेचं होतं. निपाणीचे साड्यांचे व्यापारी बाबगोंडा आप्पा तुळशीच्या लग्नानंतर येणार होते. ते दरवर्षी या घराकडून साध्या काठाच्या साड्या घ्यायचे. या वेळी त्यांनी सांगितलं होतं, चार नवे पदर दाखवा. आवडले तर लग्नसराईभर चारी माग माझ्यासाठी चालवा, नाहीतर मी बाहेरून माल आणतो. आप्पांनी माल बाहेरून आणला तर चार माग चालवण्याएवढं काम उरणार नव्हतं. सदानं भंगारवाल्याला बोलावून दोन माग दाखवूनही ठेवले होते. सुमन हे सांगताना मागांकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. "जकार्डाचेच दोन द्यायचे म्हणालेत. ते गेले की मी कशाला काढू नक्षी? संपलंच की माझं."

सदा दारात येऊन उभा होता. मी त्याच्यावर जी तुटून पडले ते शेजारच्या तीन घरांनी ऐकलं.

"अरे, नक्षी ही काढते हे मला दुकानात का नाही सांगितलंस?"

"तुमी इचारलं कुठं, आक्का?"

"आणि तो टीव्ही छताला कशाला टांगलास? ती काय पाल आहे तिथं चढून काम करायला?"

"आता बगा," तो दुखावून म्हणाला, "मी तिच्यासाठीच मोठा घेतलो की. बारीक बघून डोळं दुखत्यात म्हणत हुती."

डोळे दुखत होते ते जुन्या मॉनिटरच्या पुसट रेघांमुळं. त्याला खरंच वाटत होतं की आपण बायकोला भारी वस्तू आणून दिली. त्याच्या चेहऱ्यावर लबाडी नव्हती, आणि त्यामुळंच मला जास्त चीड आली. लबाडाला तोंडावर लबाड म्हणता येतं. याला काय म्हणायचं? आणि "तुमी इचारलं कुठं" हे त्याचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. तो राग कुणावर काढायचा?

दुसऱ्या दिवशी मी दुकानातला मॉनिटर घेऊन गेले. साडेपंधरा इंच, बारा व्होल्ट, दहा वॅटच्या आत, न चकाकणारी काच. ठेवायचा कुठं यावर घरात अर्धा तास चर्चा झाली. बाहेरच्या खोलीत नको, मी म्हटलं. शेडमध्ये कापसाची धूळ. शेवटी स्वयंपाकघरात, खिडकीजवळच्या कडाप्प्यावर, पिठाच्या डब्याशेजारी जागा निघाली. बसायला खुर्ची, स्क्रीन डोळ्यांच्या रेषेत. इन्व्हर्टरवरून टीव्ही, पंखा आणि ट्यूब, सगळं काढून टाकलं. सासरे म्हणाले, "म्हंजे लाईट गेली की मालिका बंद?" मी म्हटलं, "हो." सदा मॉनिटरकडे बघून पुन्हा तेच म्हणाला, "एवढासा?"

पण त्या एवढ्याशा स्क्रीनवर चौकोन खरेखुरे चौकोन दिसत होते आणि काठ काठाच्या जागी होता. सुमननं बोट लावून एकेक घर मोजलं. मग म्हणाली, "आक्का, हे बगा, इथं तीन घरं चुकल्यात. टीव्हीवर दिसलंच न्हवतं."

त्यानंतरचा महिना मला तिचे फोन यायचे, ते असे: "आक्का, आज दोन तास गेलती!" तिच्या आवाजात सण असायचा. वीज कंपनीला दुवा देणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. लाईट गेली की तिला आता अडीच-तीन तासांची खात्री होती, बॅटरी तेवढी पुरायची. ज्या दिवशी लाईट जायचीच नाही त्या दिवशी तिचा फोन नसायचा, आणि मी दुकानात बसून मनातल्या मनात लाईट जावी म्हणून वाट बघायचे. माझे सगळे कॉम्प्युटर बंद पडले तरी चालतील असं वाटायचं. तीन पदर झाले. चौथा तिनं स्वतःच्या मनानं काढला. उसाला तुरा फुटतो ना, पांढुरका, वाऱ्यानं एका अंगाला झुकलेला, तसे तुरे पदरभर. निपाणी-संकेश्वराकडच्या माणसाला तो न सांगता ओळखू येईल असा. ते काम मी खिडकीशी उभी राहून बघितलं आहे. इतकं देखणं काम पिठाच्या डब्याशेजारी बसून झालंय, हे कुणाला खरं वाटणार नाही.

आप्पा यायच्या दिवशी मी मुद्दाम गेले. कुणी बोलावलं नव्हतं. सकाळपासूनच लाईट नव्हती आणि माझ्या अंदाजाप्रमाणं सदानं घाण करूनच ठेवली होती. पाहुण्याला दाखवायचं म्हणून डबी पुन्हा बाहेरच्या खोलीत, टीव्ही पुन्हा इन्व्हर्टरवर.

"सदा, अक्कल विकलीस काय रे?"

"ऱ्हाऊ दे ओ आक्का. आप्पांस्नी चुलीपाशी न्यायचं व्हय?"

बाबगोंडा आप्पा आले. सत्तरीचे, पांढरं धोतर, बोलताना मराठीत मधेच कानडी. पहिला पदर बघून "हौद री, छान" म्हणाले. दुसरा बघून चष्मा पुसला. तिसऱ्याच्या मध्यावर इन्व्हर्टर ओरडला. मी सदाकडे बघितलं, त्यानं माझ्याकडे बघायचं टाळलं, आणि टीव्ही काळा झाला.

टीव्ही काढल्यावर बॅटरीत थोडा जीव शिल्लक होता. सुमननं एक शब्द न बोलता डबी उचलली, स्वयंपाकघरात नेली, लहान मॉनिटरला जोडली. मग आप्पांना चुलीपाशी जावंच लागलं. धोतर सावरत ते कडाप्प्यावर ओणवे झाले आणि चौथा पदर अगदी जवळून बघू लागले.

"सदाप्पा," ते म्हणाले, "हे तर आमच्या शेतातलं हाय रे. तुरा! लई झ्याक काढलायस."

मी सदाकडे बघितलं. तो म्हणाला, "व्हय."

फक्त "व्हय." सुमन खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी होती. तिचा हात हललाही नाही. मी तोंड उघडणार एवढ्यात आप्पाच पुढं बोलले.

"एवढं एक करा. तुरा ह्या अंगाला झुकलाय, पदर खांद्यावर आला की पडल्यासारखा दिसंल. दुसऱ्या अंगाला वळवा. आत्ताच दाखवा, म्हंजे मी सांगून जातो."

सुमन खुर्चीत बसली, माऊस हातात घेतला. आणि त्याच क्षणी ट्यूब लुकलुकली. लाईट आली. सासरे मागच्या दारानं शेडमध्ये गेलेच होते. पन्नास वर्षांची सवय, लाईट आली की मागाचे दांडे ओढायचे. एक, दोन, तीन, चार, सगळे माग धडधडू लागले. सुमन उठली. कुणी तिला ऊठ म्हटलं नाही. कोणाकडे न बघता ती उठली, पदर खोचला आणि मागांकडे गेली.

स्वयंपाकघरात आम्ही तिघं राहिलो. आप्पा वाट बघत होते. "करा की मग," ते सदाला म्हणाले.

सदा खुर्चीत बसला. त्यानं माऊस मुठीत धरला, साबणाची वडी धरावी तसा. बाण स्क्रीनवर भरकटला, कुठंतरी कोपऱ्यात जाऊन थांबला. मी मदत केली नाही. मला मुळीच करायची नव्हती.

"मला येत न्हाय, आप्पा," तो शेवटी म्हणाला. "मी न्हाय काढलो. चारी तिनंच काढल्यात."

"कुणी? ह्या आत्ता गेल्या त्यांनी?"

"व्हय."

आप्पांनी कमरेवर हात ठेवून त्याच्याकडे बघितलं. "आणि तिला तू मागावर धाडलास?"

"मी न्हाय धाडलो. लाईट आली की जातीच ती."

बोललेलं त्याचं त्यालाच ऐकू आलं असावं. तो उठला, शेडमध्ये गेला. मी मागोमाग गेले. दाराशेजारच्या भिंतीवर मागांचा मेन स्विच होता. सदानं हात वर केला आणि तो खाली ओढला.

चारी माग थांबले. सासरे दांड्यावर हात ठेवून बघत राहिले. सुमननं तुटलेली तार चिमटीत धरली होती. तिनं सवयीनं ती खाली सोडली, हात पुसले आणि स्वयंपाकघराकडे निघाली. दारात आली तर वर ट्यूब जळत होती. ती थांबली. ट्यूबकडे बघितलं, सदाकडे बघितलं.

"लाईट तर हाय की," ती म्हणाली.

"असूं दे," सदा म्हणाला. "तू बस."

तिनं तुरे वळवले. दहा मिनिटं लागली. आप्पा तिच्या मागं उभे राहून बघत होते आणि जे काही विचारायचं ते तिलाच विचारत होते. चारी पदर त्यांनी घेतले. जकार्डाचे माग आजही त्याच शेडमध्ये आहेत.

लोक म्हणतात, आक्का, तुमच्या छोट्या मॉनिटरनं घर वाचवलं. मीही काही दिवस तसं सांगत हिंडले. पण मला आठवतो तो मेन स्विच. खांद्याच्या उंचीवर, सगळ्यांच्या हाताला येईल असा, इतकी वर्षं तिथंच होता. लाईट असताना माग थांबवता येतात, हे त्या घरात कुणाला सुचलं नाही. आणि मी, सव्वीस वर्षं या धंद्यात मुरलेली, विणकराची मुलगी, मी काय केलं? लाईट गेल्यावर तिला बसायला किती वेळ मिळेल, त्याचे वॅट मोजत बसले.